पुण्यात पूल मिळेना

आमची आजी नव्वदीला टेकलीये, ऐकू कमी येतं पण जे काही ऐकू येतं त्यावर मत ठाम असतं. मध्यंतरी महिनाभर मी रोज फोनवर "पूल मिळत नाहीये", "आज एक पूल बघायला चाललेय", "त्या पूलचं भाडं परवडणार नाही" असलंच काहीतरी बोलत होते, तर एक दिवस म्हणाली, अगं पुण्यात एवढे पूल पडलेत, लकडी पूल आहे, झेड ब्रिज आहे, भाडं कसलं देतेस त्याला? तिला सांगितलं की आजी, पूल म्हणजे टँक, पोहायचा. मग तर तिला काहीच कळेना, कारण तिच्या हिशोबाने पोहायला विहिरीत शिकतात, पाठीला डबा बांधायचा आणि मामाने मागनं ढकलायचं. फुकटात काम.

तर मी स्कूबा शिकवते, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जायचं ते. पुण्यात. हो, समुद्र नाहीये, माहितीये मला, हा जोक रोज ऐकते. पण शिकायला येणारी माणसं पुण्यातच आहेत ना. समुद्रातल्या डाइव्ह ऑक्टोबर ते मे या सीझनमध्ये मालवणला नाहीतर खाली कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला होतात, पण त्याआधीचं सगळं शिकणं टँकमध्ये करून नेलं तर तिकडचे दिवस वाचतात, सुट्ट्या वाचतात आणि मुख्य म्हणजे माणूस घाबरत नाही. इथे एक सांगून टाकते, मालवणला किंवा गोव्याला जाऊन पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली राहतात, मागून कुणीतरी सिलिंडर धरलेला असतो, हातात पाव देतात, मासे जमतात, फोटो निघतो, ते स्कूबाची चव घेणं झालं, स्कूबा शिकणं नाही. (आणि तो पाव माशांना देऊ नका हो, पण तो वेगळा विषय.) शिकायचं म्हणजे उदाहरणार्थ पाडी (PADI, स्कूबाचं सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये टँकमधली पाच सेशन्स आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह, वर २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं. त्यानंतर तुम्ही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाऊ शकता, कुणी शेपटी न धरता.

टँक कशाला, डायरेक्ट समुद्रातच शिकवा की, असं बरेच जण म्हणतात. शांत खाडी किंवा उथळ निवांत पाणी असेल तर नियमाने चालतंही. पण मागच्या बॅचमधली एक मुलगी सांगते. चांगली पोहणारी, शाळेत असताना मेडल बिडल मिळवलेली. मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढायचं हा एक प्रकार असतो, ऐकायला सोपा आहे. पाणी नाकपुडीला लागलं आणि ही रॉकेटसारखी वर. चार फूट पाणी, उभी राहिली, खोकली, "सॉरी मॅम". परत. परत वर. अकराव्या वेळेला जमलं, आणि जमल्यावर खाली बसल्या बसल्या अशी हसली की त्या हसण्याने गालावर घड्या पडून मास्कमध्ये परत पाणी शिरलं. आता हेच ती समुद्रात दहा मीटरवर करती आणि श्वास रोखून वर पळती तर? दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते, आणि तोंड मिटलेलं असेल तर ती जाणार कुठे, फुफ्फुसच फाटतं. टँकमध्येसुद्धा सिलिंडरची हवा घेऊन श्वास रोखायचा नाही हाच पहिला नियम, पण टँकमध्ये निदान मी हातभर अंतरावर असते, पाणी स्वच्छ असतं आणि लाट नसते. म्हणून टँक पाहिजेच.

बरं, कुठलाही टँक चालत नाही. सुरुवातीला उभं राहता येईल एवढं पाणी लागतं आणि नंतर पाय टेकणार नाहीत एवढं. कानांचं गणित लोकांना उलटं वाटतं, वाटतं की खोल गेल्यावर कान दुखतात, खरं तर सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच होतो. शून्यावरून तीन मीटरवर आलात की दाब तीस टक्के वाढतो, वीसवरून तेवीसवर गेलात तर जेमतेम दहा टक्के. म्हणजे नाक दाबून कान मोकळे करायची सवय जिथे लावायची ती जागा नेमकी टँकच्या खोल बाजूला आहे, नऊ-दहा फुटांत. शिवाय हवा संपली तर श्वास सोडत वर कसं यायचं याची प्रॅक्टिस आधी आडवी करून घेतात, नऊ मीटर तरी आडवं अंतर लागतं. झालं, एवढ्यातच निम्मे टँक बाद. हल्ली सोसायट्यांत नवीन टँक बांधतात ते सगळे चार-साडेचार फुटी, बुडायची भीती नको आणि पाणीही कमी लागतं. खोल टँक म्हणजे जुने, उड्या मारायचा बोर्ड असलेले किंवा कधीकाळी असलेले. बालेवाडीला १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी संकुल उभारलं तिथे उड्यांचा वेगळा टँकच आहे, तसलं पाणी बघितलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण माझी बॅच सहा जणांची, मला हवा होता छोटा, परवडणारा, कुणालाच नको असलेला टँक.

शोधमोहिमेची सुरुवात हॉटेलपासून केली कारण तिथे निदान फोन उचलतात. माणशी डे पास १५००. सहा विद्यार्थी, मी आणि माझा असिस्टंट, आठ जणांचे १२,०००, दोन दिवसांचे २४,०००. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यावर नुसत्या पाण्याचे ४,००० चढणार, त्यात पाणी पाच फूट आणि सँडविच वेगळं. नमस्कार करून निघाले. मग एका सरकारी टँकवर गेले, तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी नियमांची फाईल माझ्यासमोर उघडून दाखवली, त्यात पोहणे होते, वॉटरपोलो होता, महिलांची बॅच होती, सिलिंडर कुठेच नव्हता. नियमात नाही म्हणजे नाही. पुढे मुळशीकडे एक फार्महाऊस, मालक फोनवर म्हणाला दहा फूट आहे मॅडम, बिनधास्त या. माझ्याकडे एक दोरी आहे, टोकाला एक किलोचं शिसं आणि दर फुटाला गाठ, ती मी सगळीकडे घेऊन जाते. सोडली पाण्यात, सहा गाठी भिजल्या आणि सातवी अर्धवट. मालक म्हणाला, खड्डा दहा फूट खणला होता हो. त्याचंही खरंच असणार.

मग एका मैत्रिणीच्या सोसायटीत जमतंय असं वाटलं. जुनी सोसायटी, टँक एका बाजूला आठ फूट, दुपारी कुणी फिरकत नाही. सेक्रेटरी काका रिटायर्ड बँकवाले. मी दोन सिलिंडर गाडीतून उतरवले तर वॉचमनने आधी विचारलं सर कुठेयत, आणि सरच नाहीत हे कळल्यावर काकांना बोलावून आणलं. काका सिलिंडरपासून दहा फूट लांब उभे. म्हणे हा गॅस फुटला तर बी विंग जाईल. मी म्हटलं काका, गॅस नाही, हवा आहे, तुम्ही आत्ता घेताय तीच, २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन, फक्त दाबून भरलीये, ११ लिटरच्या बाटलीत २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबाने. त्यांना पटलं नाही. शेवटी म्हटलं, काका, तुम्हाला पोहता येतं ना? म्हणाले, मी कृष्णेत पोहलोय. मग काय, गेले घरी, चड्डी घालून आले, चार फुटांत उभं राहून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देतो तो) तोंडात धरला, डोकं खाली घातलं आणि पहिला श्वास घेतला. तो आवाज, हिस्स आणि मग बुडबुडे, पुन्हा हिस्स, बुडबुडे. दोन मिनिटं झाली तरी माणूस वर येईना. वर आले ते डोळे एवढे मोठे करून. "अगं, येतो की श्वास!" त्यानंतर महिनाभर काका माझे वकील होते. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी उभं राहून म्हणालं की मेंटेनन्स आम्ही भरायचा आणि क्लास बाहेरच्यांचे? आणि खरं सांगू का, बरोबरच होतं त्यांचं. दोन बॅचेसनंतर ते बंद झालं.

त्या दोन महिन्यांत एक गोष्ट मात्र डोक्यात बसली, टँकवाल्याला भाड्याचं फार पडलेलं नसतं, त्याला तीनच भीत्या असतात. कुणीतरी मरेल, टाइल फुटेल आणि पाणी घाण होईल. मी जाऊन पहिलं वाक्य "कितीला द्याल" बोलायचे आणि तो घाबरून मोठा आकडा सांगायचा, म्हणजे नाहीच म्हणायचा, फक्त आकड्यात. त्यानंतर मी रेट विचारणंच बंद केलं. आधी माझ्या लायबिलिटी इन्शुरन्सची कॉपी, विद्यार्थ्यांचे मेडिकल फॉर्म, ऑक्सिजन किट टेबलावर ठेवायचे, आणि तुमचा लाइफगार्ड पण राहू दे, त्याचे पैसे मी देते, असं सांगायचं. मग रबरी मॅटचा रोल. पाण्याबाहेर सिलिंडर कधीही उभा सोडायचा नाही, आडवा, मॅटवर, आणि खाली रबरी बूट घातलेला, कारण भरलेला सिलिंडर चौदा-पंधरा किलोच्या पुढे जातो आणि फरशीवर पडला तर टाइल जाते ती जातेच, कुणाच्या पायाचं बोट खाली आलं तर बघायलाच नको. आणि तिसरं म्हणजे टँकचं सामान वेगळं ठेवलंय, समुद्रात वापरलेलं जॅकेट आणि फिन्स (पायात घालायचे पंजे) आणतच नाही, एका कोपऱ्यातून निघालेली चिमूटभर वाळू सगळ्या फिल्टरवाल्यांचं मन कायमचं खराब करते.

असं सगळं घेऊन मी एका शाळेत पोचले. नाव सांगत नाही, ट्रस्टची शाळा आहे, आवाराच्या मागे टँक. २५ मीटर लांब, साडेबारा रुंद, एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला साडेनऊ. दोरी सोडली, गाठी मोजल्या, परत मोजल्या, नऊ ओल्या. मला तिथेच नाचावंसं वाटलं पण चेहरा सरळ ठेवला, भाव करायचा होता. ऑफिसमधल्या अकाउंटंट बाईंनी तासाला ३५०० सांगितले.

मी पंपरूममधल्या मामांकडे जाऊन बसले. टँकची खरी माहिती ऑफिसात नसते, पंपरूममध्ये असते, हे लिहून घ्या कुणी शोधत असाल तर. मामांनी सांगितलं की मार्च ते जून इथे पाय ठेवायला जागा नसते, पण दिवाळी झाली की संध्याकाळी चिटपाखरू येत नाही, पाणी बर्फ होतं. तरी फिल्टर रोज चालवावाच लागतो, क्लोरीन टाकावंच लागतं, नाहीतर पाणी हिरवं. म्हणजे पोहणाऱ्यांचा सीझन उन्हाळा आणि आमचा समुद्राचा सीझन दिवाळीनंतर, ज्या महिन्यांत टँक नुसता खर्च खातो नेमक्या त्याच महिन्यांत मला तो हवा. हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही काय माहीत, मी मूर्खासारखी मे महिन्यात टँक शोधत फिरत होते.

आणि बोलता बोलता मामा म्हणाले, तसंही पुढच्या वर्षी टँक रिकामा करावाच लागणारे, तळाच्या टाइल्स सुटल्यात, पोरांच्या पायाला लागतात. मी मनातल्या मनात गुणाकार केला. सरासरी दोन मीटर खोली धरली तर सव्वासहा लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर बासष्ट-त्रेसष्ट टँकर. ते ओतून द्यायचं, टाइल लावायच्या, सुकवायच्या आणि परत भरायचं, तेही पुण्यात, जिथे आमच्या गल्लीत एक टँकर आला तरी भांडणं होतात. मी म्हटलं, मामा, रिकामा नका करू. आम्ही पाण्याखाली लावून देतो.

मामांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

पाण्याखाली बसणारी इपॉक्सी पुटी मिळते, दोन भाग असतात, हाताने कणकेसारखे मळायचे, रंग एकसारखा झाला की लावायची, ओल्यातच घट्ट होते. मी आणि असिस्टंट सलग तीन संध्याकाळी उतरलो (विद्यार्थ्यांना हे काम नाही दिलं, नाहीतर उद्या कमेंटमध्ये याल). पुटी पाण्यात मळायला गेलं की आधी ती टाइलला सोडून सगळ्याला चिकटते, ग्लोव्हला, केसांना, माझ्या डाव्या फिनला अजून एक गोळा आहे. टाइलवर दाब द्यायला जावं तर आपणच वर उचललो जातो, कारण पाण्यात आपल्याला वजन कुठेय, मग कमरेला चार किलो जास्तीचं शिसं बांधून अक्षरशः तळावर पालथं पडून लावल्या. तेवीस टाइल्स. पुढच्या आठवड्यात दोन परत निघाल्या, तेव्हा कळलं की खालचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढल्याशिवाय पुटी धरत नाही, त्या परत लावल्या. तळातून अकरा हेअरक्लिप, एक चष्मा आणि २ रुपयांची चार नाणी निघाली, नाणी मामांनी पंपरूममधल्या गणपतीसमोर ठेवली.

मग ट्रस्टच्या सेक्रेटरींनी बोलावलं. तासाला १२००, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार संध्याकाळी, लाइफगार्ड धरून, आणि वर्षातून दोनदा आम्ही तळ तपासून टाइल्स बघून द्यायच्या. मी म्हटलं लेटरहेडवर द्या, आणि पावती दर वेळेला पाहिजे. तोंडी बोलणं सेक्रेटरी बदलला की संपतं, हे सोसायटीत शिकले होते. एका बॅचला मला आठ तास पुरतात, ९,६००, सहा जणांत १,६०० डोई. कुठे ते ४,००० आणि कुठे हे.

स्वस्त आहे म्हणून सगळं गोड आहे असं नाही. डिसेंबरमध्ये त्या टँकचं पाणी विशीच्या आसपास असतं, ऐकायला ठीक वाटतं, पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीसेक पट वेगाने ओढून घेतं आणि तळाशी गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत राहायचं असतं, हालचाल नाही. ३ मिलीमीटरचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा रबरी सूट) घालूनसुद्धा तासाभराने ओठ निळे. एका सिलिंडरमध्ये तेवढ्या उथळ पाण्यात तास-सव्वा तास सहज निघतो, पण थंडीने माणूस भराभर श्वास घेतो म्हणून तेवढाही पुरत नाही. त्यामुळे एकावेळी एक तास, मग बाहेर, चहा, टॉवेल, थिअरी, परत आत. आल्याचा चहा दोन मोठ्या थर्मासमध्ये घरून नेते, हा खर्च हिशोबात धरला नव्हता. दात वाजायला लागले की रेग्युलेटर तोंडात धरता येत नाही, हे लाजायचं काम नाही, सरळ अंगठा वर करायचा (पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर जाऊ या') आणि बाहेर यायचं.

सिलिंडर पुण्यात भरून मिळणं हे अजून एक दुखणं आहे, श्वास घ्यायची हवा भरणारा कॉम्प्रेसर वेगळा असतो, टायरवाल्याकडचा चालत नाही (विचारलंय लोकांनी), सध्या किनाऱ्यावरून येता-जाता भरून आणते, त्यावर परत कधीतरी.

उजेडाचं काम बाकी आहे. पाण्यातले दिवे बंद पडलेत, बाहेर दोन हॅलोजन, त्यात अर्ध्या टँकवर आंब्याच्या झाडाची सावली. आम्ही टॉर्च घेऊन उतरतो, मुलांना तर त्यातच मजा वाटते. आम्ही तळाशी असताना मामा पंप बंद ठेवतात, तळाच्या जाळीची ओढ विद्यार्थ्यांच्या आसपास नको, आणि शिट्टी वाजवून वर आल्याशिवाय पंपरूममध्ये जायचं नाही हे त्यांनी स्वतःहून ठरवलंय. गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं, समुद्रात अडीच टक्के जास्त उचल मिळते म्हणून दोन-अडीच किलो वाढवावं लागतं, हे मी दर बॅचला सांगते आणि दर बॅचमधला एक जण तरी मालवणला जाऊन टँकमधल्याच वजनाचा शिशाचा बेल्ट बांधतो आणि बुचासारखा वर तरंगत राहतो.

सोसायटीतले काका मध्ये येऊन गेले, नातवाला घेऊन. नातू अकराचा, दहा पूर्ण असले की कोर्स करता येतो, त्याचं नाव घातलंय जानेवारीच्या बॅचला. काकांना मी डॉक्टरांचा फॉर्म दिलाय, बीपी आहे त्यांना, बघू डॉक्टर काय म्हणतात.

काल मामांचा फोन आला होता. खोल बाजूला आणखी नऊ टाइल्स हलतायत म्हणाले. आणि मग जरा थांबून, "मॅडम, या वेळेला मी पण खाली येऊन बघू का, कशा लावता ते?" मामांना पोहता येतं का हे विचारलं, तर म्हणाले तीस वर्षं या टँकवर आहे, एकदाही उतरलो नाही. आता शनिवारी साडेतीन फुटांच्या बाजूला त्यांचा पहिला क्लास आहे, चहा तिसऱ्या थर्मासमध्ये न्यावा लागणार.